फवारणीचा ड्रोन भरल्या टाकीने वारंवार कोसळत असेल तर काय तपासावे

फवारणीचा ड्रोन शेतात कोसळला की बहुतेक ठिकाणी तुटलेला आर्म, फुटलेली पाती आणि वाकलेले पाय बदलले जातात, ड्रोन पुन्हा हवेत जातो आणि हंगाम संपायच्या आत त्याच पद्धतीने पुन्हा पडतो. जे तुटले ते पडल्यामुळे तुटलेले असते. ज्या भागामुळे ड्रोन पडला, तो भाग बहुधा धडधाकट दिसत जागेवरच राहतो. ऊस, सोयाबीन, कपाशी आणि द्राक्षबागा यांवर फवारणी करणारे ड्रोन मी दुरुस्त करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांत हीच तक्रार सर्वाधिक असते. पुढील तपासण्या मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने दिल्या आहेत: आधी फुकट होणाऱ्या, मग थोड्या खर्चाच्या आणि शेवटी ज्यांना हात लावू नये अशा.

येथील आकडे १० लिटर टाकीच्या, सहा मोटरींच्या आणि सहा सेलच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या ड्रोनसाठी आहेत. टाकी भरल्यावर त्याचे वजन २५ किलोच्या आत राहते, म्हणजे ड्रोन नियम २०२१ नुसार तो २ ते २५ किलोच्या लहान वर्गात मोडतो. आपल्या ड्रोनची बॅटरी वेगळी असल्यास एका सेलमागे दिलेला व्होल्टेजचा आकडा धरावा. तो नेहमीच्या, प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज होणाऱ्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्यांना लागू होतो.

लक्षणे

खालीलपैकी कोणते लक्षण आपल्या ड्रोनमध्ये दिसते, हे आधी ठरवावे. दोन लक्षणे एकत्र दिसत असतील तर दोन्ही लिहून ठेवावीत.

- टाकी भरलेली असताना, उड्डाणानंतरच्या पहिल्या एक-दोन मिनिटांत ड्रोन एका कोपऱ्याकडे झुकतो आणि त्याच बाजूला कोलमडतो. रिकाम्या टाकीने मात्र तो व्यवस्थित उडतो.
- ओळीच्या शेवटी थांबताना किंवा वळताना तो उंची सोडतो आणि पिकात बसतो.
- एका जागी स्थिर ठेवला असता तो गोल फिरू लागतो आणि घेर वाढत जातो.
- सरळ जाताना नाक सतत एकाच बाजूला वळते आणि पायलटला ते रिमोटने सावरत राहावे लागते.
- पिकावरची उंची विनाकारण वर-खाली होते.
- बॅटरी कमी झाल्याची सूचना येते, ड्रोन आपोआप परत निघतो आणि वाटेत झाडाला किंवा तारेला धडकतो.
- कोणताही इशारा न देता सर्व मोटरी एकाच वेळी बंद पडतात.

पडल्यावर लगेच

धावत जाऊन ड्रोन उचलू नये. रिमोटवरून मोटरी बंद केल्याची खात्री करावी, पाती पूर्ण थांबू द्यावीत आणि मगच हातमोजे घालून बॅटरी काढावी. बॅटरीला खोक पडली असेल, ती फुगली असेल किंवा गरम लागत असेल तर ती उघड्या जमिनीवर, वाळलेल्या पाल्यापासून दूर ठेवावी आणि तिच्याजवळ कोणालाही जाऊ देऊ नये. मार बसलेली लिथियम बॅटरी लगेच पेटतेच असे नाही; काही वेळाने, टेम्पोत ठेवल्यावरही ती पेट घेऊ शकते.

टाकी फुटली असेल तर सांडलेल्या औषधाकडे दुर्लक्ष करू नये. ड्रोनच्या टाकीतले द्रावण पाठीवरच्या पंपातल्या द्रावणापेक्षा कितीतरी दाट असते, कारण एका एकराला लागणारे औषध येथे सुमारे दहा लिटर पाण्यातच मिसळलेले असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणारा माणूस औषधापासून दूर राहावा हा ड्रोन आणण्यामागचा मोठा हेतू आहे. पडलेला ड्रोन उघड्या हातांनी उचलला तर तो हेतूच उरत नाही.

यानंतर, एकही नट फिरवण्याआधी, मोबाइलवर फोटो काढावेत: प्रत्येक आर्मचे लॉक, प्रत्येक पात्याचे मूळ, बॅटरीचे दोन्ही कनेक्टर. उचलाउचलीत लॉक सैल होते आणि ते आधीच सैल होते का, हे मग कधीच कळत नाही.

लॉग आधी वाचावा, स्पॅनर नंतर उचलावा

उड्डाणाची नोंद, म्हणजे लॉग, फ्लाइट कंट्रोलरमध्ये (ड्रोन सावरणाऱ्या संगणकात) किंवा रिमोटच्या ॲपमध्ये साठवलेली असते. ती काढण्यासाठी वीजपुरवठा द्यावा लागला तर आधी सर्व पाती काढून ठेवावीत आणि चांगली बॅटरीच जोडावी. लॉगमध्ये प्रत्येक मोटरला दिलेली आज्ञा, व्होल्टेज, उंची आणि उपग्रहांची संख्या असते. पडण्याआधीचे शेवटचे दहा सेकंद नीट पाहिले तर अर्धी शोधाशोध वाचते.

एकाच मोटरची आज्ञा चढत जाऊन शंभर टक्क्यांना टेकली असेल आणि तरीही तोच कोपरा खाली गेला असेल, तर कंट्रोलर त्या मोटरकडून जोर मागत होता आणि तो मिळत नव्हता. दोष त्याच आर्मवर आहे: पाते, मोटर, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग) किंवा त्यांच्यातली वायर. सहाही मोटरींच्या आज्ञा एकदम वर चढल्या असतील तर एकाही मोटरचा दोष नाही. वजन जास्त आहे, हवा विरळ आहे किंवा बॅटरी दमली आहे. नोंद हवेत असतानाच मध्येच तुटली असेल तर वीजपुरवठाच खंडित झाला, आणि अशा वेळी थेट कनेक्टरच्या तपासणीकडे जावे. मोटरींच्या आज्ञा ठीक आहेत, पण नकाशावरची जागा किंवा दिशा उडी मारते आहे, असे दिसले तर कंपास आणि जीपीएस पाहावेत.

पुष्कळ पायलटांना लॉग काढता येतो हेच प्रशिक्षणात नीट सांगितलेले नसते. नमो ड्रोन दीदी योजनेतून बचतगटांकडे आलेल्या ड्रोनबाबत मला हे विशेष जाणवते. तिथल्या भगिनी यंत्र जिवापाड जपतात, पण यंत्राने स्वतः लिहून ठेवलेली माहिती कशी काढायची, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. ड्रोन घेतानाच विक्रेत्याकडून हे करून घ्यावे.

१. आर्मचे लॉक आणि पाती

येथे खर्च नाही आणि पाच मिनिटे पुरतात. घडी होणाऱ्या आर्मचे फिरते लॉक पूर्ण आवळले नसेल तर ते जमिनीवर घट्ट वाटते, पण वजन आल्यावर आणि कंप सुरू झाल्यावर हळूहळू उघडते. प्रत्येक लॉक आवळल्यावर त्यावर आणि आर्मवर मिळून एक सरळ रेघ रंगाने ओढून ठेवावी. रेघ जुळत नसेल तर लॉक फिरले आहे, हे दुरूनही दिसते.

पात्यांमध्ये मुळाजवळची, बोल्टच्या छिद्राभोवतीची बारीक चीर सर्वांत घातक असते, आणि ती डोळ्यांना चटकन दिसत नाही. कापसाचा बोळा पात्यावरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच फिरवावा. जिथे चीर आहे तिथे कापसाचे तंतू अडकतात. चिरलेले पाते गोंद लावून वापरू नये, आणि बदलायचे तर त्याच मोटरवरची जोडी मिळून बदलावी, कारण जुन्या-नव्या पात्यांच्या वजनातला फरक कंप निर्माण करतो आणि तोच कंप पुढे मोटरचे बेअरिंग खातो. घडीच्या पात्याचा बोल्ट इतकाच आवळावा, की पाते स्वतःच्या वजनाने लोंबू नये, पण बोटाने हलकेच फिरवता यावे. उसाच्या पानांना टेकून टोके खरखरीत झालेली पातीही जोर कमी देतात, त्यामुळे 'अजून चालतील' असे म्हणून ती पुढच्या हंगामासाठी ठेवू नयेत.

२. आपोआप परतीची उंची

परतताना झाडावर आपटलेल्या ड्रोनमध्ये यंत्राचा दोष क्वचितच असतो. फवारणी पिकाच्या दोन-तीन मीटर वर चालते, आणि परतीची उंची कारखान्यातून आली तशीच राहिलेली असते. बॅटरी कमी झाली किंवा रिमोटशी संपर्क तुटला की ड्रोन त्या ठरलेल्या उंचीवरून उड्डाणाच्या जागेकडे सरळ रेषेत निघतो. वाटेत बांधावरची बाभूळ किंवा कडुनिंब आहे, हे त्याला ठाऊक नसते. प्रत्येक शेतावर, पहिल्या उड्डाणाआधी, तिथल्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा किमान पाच मीटर अधिक उंची भरावी. ज्या शेतावरून विजेची लाइन जाते तिथे मी आपोआप परतीऐवजी जागेवर थांबण्याचा पर्याय निवडतो आणि ड्रोन हाताने परत आणतो.

३. उड्डाणाची जागा, कंपास आणि जीपीएस

ड्रोन गोल फिरत असेल तर यंत्र उघडण्याआधी तो कुठून उडवला जातो ते पाहावे. टेम्पोचा हौदा, ट्रॅक्टरची ट्रॉली, विहिरीचे लोखंडी कठडे, सळईचा स्लॅब किंवा चालू जनरेटर यांच्याजवळ कंपास चुकीची दिशा दाखवतो. ड्रोनला वाटते आपण उत्तरेकडे तोंड करून आहोत, प्रत्यक्षात तो थोडा कलून उभा असतो, आणि जागा राखण्यासाठी केलेली प्रत्येक दुरुस्ती त्याला आणखी बाजूला नेते. त्यामुळे घेर वाढत जातो. मोकळ्या मातीवर, लोखंडापासून पंधरा-वीस पावले दूर जाऊन कॅलिब्रेशन करावे, म्हणजे कंपासची दिशा नव्याने जुळवून घ्यावी. खिशातला मोबाइल आणि हातातले कडेही त्या वेळी बाजूला ठेवावे. ट्रॉलीवर उभा करूनच कॅलिब्रेशन केले तर चुकीची दिशा कंट्रोलरच्या स्मृतीत पक्की बसते आणि नंतर स्वच्छ जागीही ड्रोन भरकटतो.

उपग्रहांची संख्या स्थिर होईपर्यंत उड्डाण करू नये. नारळी-पोफळीच्या बागेत किंवा दाट झाडांच्या काठावर ही संख्या उड्डाणानंतर घटू शकते, म्हणून तिथे झाडांपासूनचे अंतर वाढवावे.

४. रडार, वजन आणि ऊन

पिकावरची उंची मोजणाऱ्या रडारच्या तोंडावर चिखल आणि औषधाचा थर साचला तर उंची वर-खाली होते. ओल्या मऊ फडक्याने रोज पुसणे पुरेसे असते. लोळलेल्या उसात मात्र रडार स्वच्छ असूनही उंची बदलते, कारण खाली पीकच एकसारखे नसते. अशा शेतात वेग कमी ठेवावा.

टाकीवरची खूण लिटरची असते, वजनाची नसते. विद्राव्य खते मिसळलेले द्रावण पाण्यापेक्षा जड असते, आणि 'अजून अर्धा लिटर बसतो' म्हणून टाकी काठोकाठ भरली की मोटरींची राखीव ताकद संपते. उन्हाचाही हिशेब आहे. ४० अंश तापमानाला हवा १५ अंशांच्या तुलनेत सुमारे आठ टक्के विरळ असते, म्हणून तेच पाते कमी जोर देते. सकाळी सातला सुरळीत उडणारा ड्रोन दुपारी एकला वळणावर उंची सोडत असेल तर आधी टाकी आठ लिटरवर आणून पाहावे. त्याने लक्षण गेले, तर पुढील तपासण्यांत बॅटरीकडे प्रथम लक्ष द्यावे.

५. बॅटरीची जोडी

'भरल्या टाकीने पडतो, रिकाम्याने उडतो' या लक्षणाचे सर्वांत अधिक वेळा सापडणारे कारण येथे असते, आणि ते सर्वांत कमी वेळा ओळखले जाते. यासाठी सेलनिहाय व्होल्टेज दाखवणारा तपासक लागतो. तो काही शंभर रुपयांत मिळतो आणि प्रत्येक पायलटकडे असायलाच हवा.

रिमोटच्या पडद्यावर दोन्ही बॅटऱ्यांचे एकत्रित व्होल्टेज दिसते. समजा ते भाराखाली ४३.२ आहे. बारा सेलमध्ये विभागल्यास प्रत्येक सेल ३.६ व्होल्टवर आहे, असे वाटते आणि पायलट निश्चिंत राहतो. प्रत्यक्षात एक बॅटरी २२.८ वर आणि दुसरी २०.४ वर असू शकते. म्हणजे एकीचे सेल ३.८ वर मजेत आहेत आणि दुसरीचे ३.४ वर धापा टाकत आहेत. दोन्ही एकापुढे एक जोडलेल्या असल्याने दमलेल्या बॅटरीतूनही तितकाच प्रवाह खेचला जातो. वळणावर मोटरींनी जोर मागितला की तिचे व्होल्टेज एकदम कोसळते आणि एकत्रित आकड्यावर आधारलेली सूचना यायच्या आत ड्रोन खाली येतो.

तपासणी अशी करावी. दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या जवळ आहे का ते पाहावे. टाकीत पाणी भरून दोन मीटर उंचीवर दोन मिनिटे ड्रोन स्थिर उडवावा, उतरवावा आणि लगेच सेलनिहाय मोजमाप घ्यावे. एका बॅटरीतील सेलमध्ये किंवा दोन बॅटऱ्यांमध्ये ठळक फरक दिसला तर ती जोडी मोडीत काढावी. नवी बॅटरी जुनीसोबत जोडून जोडी पूर्ण करणे, ही काटकसर पुढे एका अख्ख्या ड्रोनच्या किमतीला पडते. जोड्यांना क्रमांक द्यावेत आणि त्या शेवटपर्यंत एकत्रच वापराव्यात.

बॅटऱ्या लवकर दमण्याची दोन कारणे शेतावरच घडतात. उड्डाणावरून उतरलेली गरम बॅटरी लगेच जनरेटरवरच्या चार्जरला लावली जाते, कारण समोर आणखी एकर वाट पाहत असतात. ती हाताला कोमट लागेपर्यंत सावलीत ठेवली पाहिजे. दुसरे म्हणजे हंगाम संपल्यावर ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी अशीच महिनोन् महिने पडून राहते. साठवताना प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा आणि महिन्यातून एकदा मोजावा.

फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, तिला छिद्र पाडू नये. ती संपलेली आहे.

६. कनेक्टर

भरल्या टाकीने स्थिर उडताना अशा ड्रोनमधून साधारण ७०-८० अँपिअर प्रवाह वाहतो. कनेक्टरमध्ये केवळ पाच मिलिओहमचा अधिकचा रोध तयार झाला, तर ८० अँपिअरला तिथे ३२ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे एक छोटी सोल्डरिंग इस्त्री त्या सांध्यात सतत चालू ठेवल्यासारखे होते. सोल्डर मऊ होते, पिन सैल होते, रोध आणखी वाढतो, आणि एका क्षणी संपर्क तुटतो. लॉग हवेत तुटण्याचे आणि सर्व मोटरी एकदम थांबण्याचे हेच नेहमीचे कारण आहे.

उतरल्यावर बॅटरी काढून प्रत्येक कनेक्टरला बोटाची मागची बाजू लावून पाहावी. एक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तोच दोषी. पिनवर काळे डाग किंवा खड्डे आहेत का, पिन शिरताना आणि निघताना नेहमीसारखी घट्ट लागते का, प्लास्टिक पिवळसर पडले आहे का, हेही पाहावे. काळी पडलेली पिन पॉलिश पेपरने घासून चमकवली तर ती दिसायला स्वच्छ होते, पण तिचा वरचा मुलामा निघून जातो आणि ती आणखी लवकर जळते. कनेक्टर बदलावा, आणि नर-मादी दोन्ही बाजू बदलाव्यात. बॅटरीच्या बाजूचे सोल्डरिंग ज्याला जाड वायरीचे काम येते त्यानेच करावे. दोन्ही वायरी एकाच वेळी उघड्या केल्या आणि त्या एकमेकींना टेकल्या, तर हात भाजण्यापासून आग लागण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

७. आर्मचा पीळ आणि मोटर

नाक सतत एका बाजूला वळते, हे लक्षण असेल तर गोल कार्बन नळीचा आर्म क्लॅम्पमध्ये फिरला आहे का पाहावे. ड्रोन सपाट जागी ठेवून प्रत्येक मोटरच्या माथ्यावर स्पिरिट लेव्हल ठेवावी. एखादी मोटर दोन-तीन अंश कललेली असली तरी तिचा जोर ड्रोनला फिरवू लागतो, कंट्रोलर त्याला विरोध करण्यासाठी एका दिशेच्या मोटरींना जास्त आणि दुसऱ्या दिशेच्या मोटरींना कमी पळवतो, आणि जास्त पळणाऱ्या मोटरींकडे आणीबाणीसाठी ताकद उरत नाही. लॉगमध्ये एकाआड एक मोटरींच्या आज्ञा चढलेल्या दिसणे ही याची खूण आहे.

मोटरसाठी बॅटरी आणि पाती काढून प्रत्येक मोटर हाताने फिरवावी. चुंबकाचे टप्पे सहाही मोटरींत सारखे जाणवले पाहिजेत. खरखर, अडखळणे किंवा वर-खाली हलण्याचा खेळ असेल तर बेअरिंग गेले आहे. गंधक आणि ताम्रयुक्त बुरशीनाशकांचे कण फार चिवट असतात. काम संपल्यावर त्याच दिवशी ओल्या फडक्याने मोटरी पुसाव्यात. गाड्या धुण्याच्या दाबाच्या पंपाने ड्रोन धुणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण तो झोत पाणी आणि औषध दोन्ही बेअरिंगच्या आत ढकलतो.

तारा: यंत्रात दोष नसताना होणारा अपघात

वरील सर्व तपासण्या ठीक निघाल्या आणि तरीही एकाच गावात, एकाच शिवारात ड्रोन पडत असतील, तर यंत्र सोडून शेत तपासावे. अडथळा ओळखणारे रडार भिंत, झाड, खांब ओळखते. पातळ तार त्याला बहुधा दिसत नाही. कृषिपंपाची लोंबलेली लाइन, खांबाला दिलेली ताणाची तिरकी तार, द्राक्षमांडवाच्या कडेच्या तारा या तिन्ही फवारणीच्या उंचीवर येतात.

माणूस चालवत असलेल्या फवारणी विमानांचा अनुभवही हेच सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा विभागाने २००१ ते २०१० या काळातील तारांना धडकण्याचे अपघात अभ्यासले, तेव्हा ६३ टक्के वैमानिकांना ती तार तिथे आहे, हे धडकेआधी माहीत होते, असे आढळले. तार ठाऊक नसल्यापेक्षा ठाऊक असलेली तार कामाच्या ओघात मनातून निसटणे, हा मोठा धोका आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानेही २०१४ च्या आपल्या विशेष अहवालात फवारणी विमानांच्या अपघातांमागे वैमानिकाचा थकवा, धोक्याच्या आखणीचा अभाव आणि अपुरी देखभाल यांवर बोट ठेवले होते. आपल्याकडे कीड वाढली की एकाच दिवशी अनेक शेतकऱ्यांचे फोन येतात, पायलट पहाटेपासून उन्हात उभा असतो, आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात शेवटचे एकर उरकण्याची घाई होते. अशा घाईच्या वेळी माहीत असलेली तारही विसरली जाते.

म्हणून शेतकऱ्याच्या सांगण्यावर न थांबता पायलटने स्वतः बांधावरून एक फेरी मारावी. तार शोधताना तारेकडे पाहू नये. खांब शोधावेत, आणि दोन खांबांच्या मध्ये तार आहे असे धरूनच चालावे. ॲपच्या नकाशात लाइनच्या दोन्ही बाजूंना दहा मीटरचा पट्टा वर्ज्य म्हणून आखावा आणि तो पट्टा शेतकऱ्याला हातपंपाने फवारायला सांगावा. काही शेतकरी यावर नाराज होतात. त्यांना लाइन हाताने दाखवून कारण सांगितले की ते समजून घेतात. बांधाच्या पलीकडे एक सहकारी उभा करावा आणि लाइनच्या बाजूची ओळ आली की त्याने मोठ्याने सांगावे, असा नेम ठेवावा.

तारेत अडकलेला ड्रोन बांबूने, काठीने किंवा दोरीने काढायला जाऊ नये. लाइन बंद आहे, असे कोणी कितीही सांगितले तरी जाऊ नये. सर्वांना दूर ठेवावे, महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावे आणि त्यांचे कर्मचारी येईपर्यंत वाट पाहावी.

दुरुस्तीनंतरची चाचणी

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पाते, बॅटरी आणि कनेक्टर एकदम बदलले आणि ड्रोन उडाला, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि काढून ठेवलेला सदोष भाग सुटा भाग म्हणून पुन्हा वापरात येतो. आधी रिकामी टाकी, मग पाच लिटर पाणी, मग दहा लिटर पाणी, अशा क्रमाने मोकळ्या जागी प्रत्येकी दोन मिनिटे स्थिर उड्डाण करावे; चाचणीत औषध कधीही भरू नये. अर्ध्या टाकीची चाचणी अनेक जण वगळतात, पण पाणी हिंदकळते ते अर्ध्या टाकीतच, आणि वळणावरचा झोल तिथेच उघडा पडतो. प्रत्येक वेळी लॉग काढून सहा मोटरींच्या आज्ञांची तुलना करावी. एखादी मोटर इतरांपेक्षा सतत दहा टक्क्यांहून अधिक आज्ञेवर चालत असेल तर ड्रोन शेतावर नेऊ नये, मग तो दिसायला कितीही स्थिर उडत असो.

कुठे थांबावे आणि तज्ज्ञाला बोलवावे

ईएससीतून जळका वास येतो, मधल्या चौकटीच्या कार्बन पट्टीला चीर आहे, कंट्रोलर सेन्सरचा दोष दाखवतो, मोटरच्या आत पाणी शिरले आहे, किंवा लॉगमध्ये एका आर्मचा दोष स्पष्ट दिसतो, पण पाते, मोटर आणि कनेक्टर तिन्ही ठीक आहेत: यांपैकी काहीही असल्यास पुढे जाऊ नये. दोन दुरुस्त्यांनंतरही तेच लक्षण परत आले, तर तिसरा प्रयत्न घरी करू नये. ईएससी किंवा कंट्रोलर बाजारातून दुसऱ्या बनावटीचा आणून बसवणे तर मुळीच नको. ड्रोनला मिळालेले टाइप सर्टिफिकेट त्या ठरावीक रचनेला दिलेले असते, आणि परस्पर बदल केलेल्या यंत्राचा विमा दावा अडचणीत येऊ शकतो.

तज्ज्ञाकडे नुसता ड्रोन पाठवू नये. सोबत लॉगची फाइल, पडल्यावर लगेच काढलेले फोटो, त्या दिवशीची बॅटरी जोडी, टाकीत काय आणि किती होते याची नोंद, आणि आधी बदललेल्या भागांची यादी द्यावी. तुटलेली पातीही फेकू नयेत, कारण तुटलेल्या कडेवरून ते हवेत तुटले की जमिनीवर, हे ओळखता येते. ड्रोन नियमांनुसार अपघाताची माहिती ४८ तासांच्या आत डिजिटल स्काय मंचावरून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला कळवणे पायलटवर बंधनकारक आहे, म्हणून ती नोंद ड्रोन दुरुस्तीला पाठवण्याआधीच करावी आणि तिची एक प्रत विमा कंपनीसाठी ठेवावी.